ईजीएफआरची अँटिबॉडी कोणती घ्यावी, आणि १७० ला बँड का येत नाही?

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींमध्ये ईजीएफआर, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर (ईजीएफ, पेशीला वाढायला सांगणारं प्रोटीन) पकडणारा पेशीवरचा रिसेप्टर, किती आहे ते बघायचंय. त्यासाठी सशाची एक स्वस्तातली पॉलिक्लोनल अँटिबॉडी घेतली (अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रोटीनला चिकटणारा रेणू, पॉलिक्लोनल म्हणजे अशा अनेकांचं मिश्रण). वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेंब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीनं ओळखायची) ५० ते ५५ केडीएला (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) जाडजूड बँड येतो, १३० च्या आसपास एक फिकट, आणि १७० ला काहीच नाही. "डेटाबेसमध्ये वजन १३४ दिलंय, मग तो फिकट बँड आपलाच ना? आता एकाच व्हायलचे पैसे उरलेत. वेस्टर्न, स्लाइड आणि फ्लो, तिन्हीला चालेल अशी कोणती घेऊ?" (स्लाइड म्हणजे गाठीच्या पातळ चकत्या रंगवणं, फ्लो म्हणजे सुट्या पेशी यंत्रातून सोडून एकेक मोजणं.)

मी छत्रपती संभाजीनगरात बावीस वर्षं ब्लॉट काढते आणि स्लाइड रंगवते. नवीन व्हायल आज मागवू नका. हातात आहे तीच अँटिबॉडी तुम्हाला अजून बरंच काही सांगू शकते, आणि ते कळायला एक पैसा लागत नाही.

आधी १३४ चं बघू. तो आकडा म्हणजे नुसत्या साखळीचं कागदावरचं वजन. पेशी १,२१० अमिनो आम्लांची साखळी तयार करते. पहिली २४ फक्त वाट दाखवायला असतात, ती कापली जातात आणि उरतात १,१८६. ही साखळी पेशीच्या पृष्ठभागाकडे जाता जाता अंगावर साखरेच्या फांद्या चढवून घेते, म्हणून जेलमध्ये ती १७० ते १८० ला दिसते. तेव्हा १३० चा बँड ईजीएफआरचा मानायचा असेल, तर तो एक तर साखर न चढलेला असायला हवा किंवा तुटलेला. साखर न चढलेल्या मालाचा साठा गाठीत सापडावा आणि साखर चढलेला अजिबात नसावा, असं होत नाही. तुटलेला मात्र असू शकतो. गाठ ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये तासभर पडून राहिली की कॅल्शियमवर चालणारी प्रोटिएझ, म्हणजे प्रोटीन कापणारी एंझाइमं, आपलं काम सुरू करतात. पण तसं असेल तर १७० ला थोडं तरी उरतं. पुढे कधी १७० चा बँड मिळाला आणि तो खरा का याची शंका आली, तर लायसेटला (पेशी किंवा गाठ फोडून केलेला रस) पीएनगेज-एफ एंझाइम लावून बघा. ते साखर कापून टाकतं, आणि बँड १७० वरून १३०-१४० च्या घरात उतरतो. आपल्या डोळ्यांसमोर बँड खाली सरकला की मग परीक्षक काहीही म्हणोत.

आता तो ५० चा जाडजूड बँड. माझा संशय दोघांवर आहे.

पहिला संशयित, माणसाचं स्वतःचं इम्युनोग्लोब्युलिन (आयजीजी), म्हणजे रुग्णाच्याच अँटिबॉडी. गाठीत रक्त असतं, प्लाझ्मा पेशी असतात. रिड्यूस केलेल्या (साखळ्या सुट्या केलेल्या) जेलमध्ये आयजीजीची जड साखळी ५० ला येते, हलकी २५ ला. तुमची सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला, म्हणजे प्रायमरीला, चिकटून बँड दाखवणारी दुसरी) सशाविरुद्धची आहे खरी, पण तिच्यातून माणसाच्या आयजीजीला चिकटणारा भाग गाळून काढलेला नसेल तर ती प्रायमरीची वाट न बघता थेट जाऊन बसते. दुसरा संशयित केराटिन, त्वचेच्या आणि केसांच्या पेशींतलं धाग्यासारखं प्रोटीन. तोंडाच्या स्क्वेमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) गाठीत केराटिन खच्चून भरलेलं असतं, बरीचशी केराटिनं ५० ते ६० मध्येच धावतात, आणि सशाच्या रक्तात केराटिनविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासून असणं ही नेहमीची गोष्ट आहे. पॉलिक्लोनल शुद्ध केलेली नसेल तर त्याही व्हायलमध्ये येतात.

दोघांतला कोण ते असं कळेल. एकाच लायसेटच्या दोन लेन चालवा, मेंब्रेन मधोमध कापा. एका पट्टीला प्रायमरी आणि सेकंडरी, दुसरीला नुसती सेकंडरी. प्रायमरी लावताना डबे वेगळे, पण शेवटी फोटो दोन्ही पट्ट्यांचा शेजारी ठेवून, एकाच वेळी, एकाच एक्स्पोजरला. नुसत्या सेकंडरीच्या पट्टीवरही ५० चा बँड आला तर तुमच्या प्रायमरीवर आळ घेण्यात अर्थ नाही, सेकंडरी बदला. आला नाही, तर प्रायमरीच भलतीकडे चिकटतेय. हे मी शहाणपण शिकवत नाहीये. माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी असाच एक ५० चा बँड अठ्ठावीस नमुन्यांत मोजला, त्याचा सुंदर ग्राफ काढला, आणि प्रेझेंटेशनमध्ये एका सरांनी शांतपणे विचारलं, "प्रायमरीशिवायची पट्टी कुठंय?" पट्टी नव्हती. घरी येऊन ती काढली, तर तिच्यावर तोच बँड, तसाच जाड. सहा महिने मी रक्त मोजत होते.

आणि हे फक्त नवख्यांचं होतं असंही नाही. एरिथ्रोपोएटिनच्या (लाल पेशी वाढवणारं संप्रेरक, औषध म्हणूनही देतात) रिसेप्टरची गोष्ट आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी सांगतेच. कर्करोगाच्या पेशींवर तो रिसेप्टर आहे असं दाखवणारे कितीतरी पेपर एका ठरावीक पॉलिक्लोनलच्या भरवशावर निघाले होते. २००६ साली ती अँटिबॉडी नीट तपासली गेली, तेव्हा ६६ केडीएचा तो ठळक बँड रिसेप्टरचा नव्हताच; हीट शॉक प्रोटीन ७० चा होता. रिसेप्टर स्वतः ५९ च्या आसपास धावतो. सात केडीएचा फरक, आणि त्यावर ते औषध रुग्णाला द्यावं की नाही इथवर चर्चा गेलेली.

तर तुमचा खरा प्रश्न: तिन्हीला चालेल अशी एक. इथे मी फेट्याचं उदाहरण देते. बांधलेला फेटा आणि सोडलेला फेटा, कापड एकच. पण ज्यानं तो माणूस फक्त तुऱ्यावरून आणि पिळावरून ओळखलाय, त्याच्यापुढे सोडलेलं नऊ मीटर कापड टाकलं तर तो म्हणेल, हे काय आहे बुवा? ज्याला काठ माहितीय तो मात्र सोडलेलं कापडही ओळखतो. पेशी जिवंत असते तेव्हा रिसेप्टर बांधलेला असतो. वेस्टर्नसाठी एसडीएसमध्ये (साबणासारखा पदार्थ) उकळला की पार सोडलेला. आणि फॉर्मलिनमध्ये पडला की खळ घालून कडक केलेला, घड्या घड्यांना चिकटलेल्या. अँटिबॉडीला ईजीएफआर हे नाव माहीत नसतं. तिला एक घडी माहीत असते, नाहीतर काठाचा एक तुकडा.

म्हणून ५२८ किंवा २२५ हे जुने नावाजलेले क्लोन (एकाच पेशीच्या वंशातून आलेली, एकच जागा ओळखणारी अँटिबॉडी) वेस्टर्नमध्ये टाकले की मेंब्रेन कोरी. हे दोन्ही उंदराचे, ए४३१ या कर्करोगाच्या पेशींवरच्या रिसेप्टरविरुद्ध तयार झालेले, आणि दोघांनाही बाहेरच्या भागाची घडीच ओळखता येते. फ्लोमध्ये, जिवंत पेशींवर, इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये (अँटिबॉडीनं प्रोटीन द्रवातून ओढून काढणं) झकास. २२५ ला तर माणसाच्या आयजीजीचं अंग जोडून सेटुक्सिमॅब हे औषध झालं. ते रिसेप्टरच्या बाहेरच्या चार भागांपैकी तिसऱ्यावर बसतं. यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे: रुग्णाला शस्त्रक्रियेआधी सेटुक्सिमॅब किंवा तसंच दुसरं औषध, निमोटुझुमॅब, दिलं असेल तर ती जागा औषधानंच अडवलेली असू शकते, आणि जोडीला नमुन्यात माणसाचं आयजीजी आणखी वाढतं. केसपेपर बघितल्याशिवाय नमुना घेऊ नका.

एकच व्हायल घ्यायची असेल तर माझं मत सरळ आहे. रिसेप्टरच्या पेशीतल्या भागाविरुद्धची, सशाची, रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (एकाच क्लोनची) घ्या. डी३८बी१ हा क्लोन त्यातलाच. वेस्टर्नलाही चालतो, पॅराफिन स्लाइडलाही, आणि पेशी फिक्स करून भोकं पाडली तर फ्लोलाही. फ्लोमध्ये जिवंत पेशींवर तो दिसणार नाही, कारण त्याची जागा आत आहे आणि अँटिबॉडी बंद दारातून आत शिरत नाही. ज्यांना जिवंत पेशींवरचा पृष्ठभागाचा रिसेप्टर मोजायचाय त्यांना ५२८ सारखी दुसरी घ्यावीच लागते. तिथे पेशी ट्रिप्सिननं न काढता ईडीटीएनं काढाव्यात आणि सगळं काम बर्फावर करावं, नाहीतर रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. तुम्हाला फ्लोचा हट्ट गाइडचा आहे की प्रश्नाची गरज आहे, हे एकदा विचारून बघा. साठवलेल्या गाठींवर फ्लो कशाला?

रिकॉम्बिनंट म्हणण्याचं कारण असं, की पॉलिक्लोनल एका सशाच्या रक्तातून येते. ससा गेला की ती अँटिबॉडी गेली. पुढच्या लॉटला त्याच नावाखाली दुसऱ्या सशाचं रक्त. रिकॉम्बिनंटची जनुकीय अक्षरं लिहून ठेवलेली असतात, दहा वर्षांनी मागवली तरी तीच येते. चाळीस-पन्नास हजारांच्या व्हायलला एवढं मागणं जास्त नाही.

पण व्हायलच्या आधी दोन लायसेट मिळवा. एक ज्यात ईजीएफआर ओसंडून वाहतोय, एक ज्यात नाहीच. पहिल्यासाठी ए४३१. या पेशींत जनुकाच्या प्रतीच वाढलेल्या आहेत, एकेका पेशीवर दहा-वीस लाख रिसेप्टर. १९८४ साली ईजीएफआरचं जनुक वाचलं गेलं तेही याच पेशींच्या आधारानं, आणि त्याच्या दोन वर्षांनी, १९८६ ला, ईजीएफ शोधणाऱ्या स्टॅनली कोहेन यांना रिटा लेव्ही-मोंटालचिनींबरोबर नोबेल मिळालं. दुसऱ्यासाठी के५६२ किंवा जुरकाट, रक्ताच्या पेशी, ईजीएफआर नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून पेशी मिळतात. तेवढीही सोय नसेल तर ज्यांच्याकडे या पेशी चालू आहेत त्यांच्याकडून लायसेटच मागून आणा, उकळून, सॅम्पल बफरमध्ये. मी स्वतः कितीदा तरी असं लायसेट दिलंय, आइस पॅक घातलेल्या डब्यातून, नांदेडच्या बसमध्ये.

ए४३१ जेलवर घालताना हात आखडता घ्या. गाठीचं ३० किंवा ४० मायक्रोग्रॅम घालत असाल तर ए४३१ चं एक-दोन पुरे. आणि ती लेन तुमच्या नमुन्यांच्या शेजारी नको, मार्करच्या पलीकडे कोपऱ्यात. शेजारच्या विहिरीत थेंबभर सांडलं तरी सगळ्या गाठी 'पॉझिटिव्ह' होतात. हे होताना पाहिलंय, म्हणून सांगतेय.

ए४३१ ला १७० वर बँड आणि के५६२ कोरी, असं दिसलं तर अँटिबॉडी पास व्हायच्या बरीच जवळ आली. पूर्ण पास हवी असेल तर जनुकच काढून टाकलेली पेशी किंवा एसआयआरएनए, म्हणजे जनुकाचं काम दाबणारा छोटा आरएनए. एसआयआरएनए वापरलं तर घाई नको. आधी तयार झालेला रिसेप्टर पेशीत बराच वेळ टिकतो, ७२ तास द्या. २०१६ साली अँटिबॉडी तपासण्याच्या ज्या पाच पद्धती आंतरराष्ट्रीय गटानं मांडल्या त्यात ही पहिली आहे. बाकीच्या चारांपैकी आपल्याकडे परवडणारी एकच: वेगळ्या जागेला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी घेऊन तेच उत्तर येतंय का बघणं. आणि हो, घरातलाच गोंधळ विसरू नका. एचईआर२ हा ईजीएफआरचा सख्खा भाऊ, १८५ ला धावतो. मिनी जेलवर १७५ आणि १८५ डोळ्यांनी वेगळे करणं म्हणजे अंदाजपंचे. एमडीए-एमबी-४६८ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत ईजीएफआर भरपूर आणि एचईआर२ नाही. ती लेन घातली की भाऊ कोण आणि आपण कोण ते कळतं.

आता असंही होऊ शकतं, की अँटिबॉडी ठीक आहे आणि १७० मेंब्रेनवर पोचतच नाहीये. मराठवाड्यात मला हे कारण सगळ्यात जास्त सापडतं. मोठं प्रोटीन जेलमधून निघायला आळशी असतं. साडेसात टक्क्यांचं जेल घ्या, दहा-बाराचं नको. ट्रान्सफर बफरमध्ये मेथॅनॉल २० ऐवजी १० टक्के आणि चिमूटभर एसडीएस, ०.०५ टक्के. पीव्हीडीएफ मेंब्रेन आधी मेथॅनॉलमध्ये भिजवून. मग ३० व्होल्टवर रात्रभर, फ्रिजमध्ये. सेमी-ड्रायच्या अर्ध्या तासाच्या सेटिंगवर ईजीएफआर निघेल ही आशा सोडा. आणि रात्रभर म्हटलं की आपला जुना प्रश्न. आमच्याकडे एका उन्हाळ्यात सलग चार ब्लॉट असे आले की ५० च्या खालचं सगळं ठणठणीत, वरचं पुसट. मी बफर बदललं, मेंब्रेन बदलली, अँटिबॉडीला शिव्या दिल्या. शेवटी आमचे लॅबचे मामा म्हणाले, "मॅडम, रोज राती दोनला लाईट जायलीय, पहाटं पाचला येतीय. तुमचं ते मशीन परत आपोआप चालू व्हतंय का?" होत नव्हतं. पॉवर सप्लाय लाईट आली तरी बंदच बसून राहायचा. दुसऱ्या दिवशी तो यूपीएसवर घेतला. ट्रान्सफर झाल्यावर मेंब्रेनवर पोन्सो (सगळी प्रोटीनं दाखवणारा लाल रंग) टाका आणि १५० च्या वर रंग दिसतोय का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. जेलही टाकून देऊ नका, कूमासीत (तसाच, पण निळा रंग) बुडवा. १७० च्या जागी निळं दिसलं तर तुमचा ईजीएफआर अजून जेलमध्येच बसलाय.

ब्लॉटच्या बाकी गोष्टी तुम्हाला माहीत असतील, एकच सांगते. अँटिबॉडी परत परत वापरायची म्हणून तिच्यात सोडियम अझाइड घालतात, ते ठीक. पण सेकंडरी एचआरपीची (बँड उजळवणारं एंझाइम जोडलेली) असेल तर अझाइड तिला मारतं. मी एकदा अझाइडवाली बाटली धुण्याच्या बफरसाठी वापरली आणि दोन आठवडे काळोख बघितला.

फॉस्फोरिलेशन, म्हणजे रिसेप्टर नुसता आहे की फॉस्फेट बसून जागाही झालाय, हे पुढे बघायचं असेल तर आकड्यांचा एक सापळा आहे. टायरोसिन (एक अमिनो आम्ल) १०६८ आणि टायरोसिन १०९२ या दोन वेगळ्या जागा समजून मी दोन व्हायल मागवल्या होत्या. एकच जागा आहे. सुरुवातीची २४ धरून मोजलं तर १०९२, ती सोडून मोजलं तर १०६८. तसंच ११७३ आणि ११९७. गंमत म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगातल्या एल८५८आर आणि टी७९०एम या बदलांचे आकडे २४ धरून मोजलेले असतात, आणि फॉस्फोवाले अजून जुनीच मोजणी चालवतात. या अँटिबॉडींना दुधाचं ब्लॉकिंग नको, दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोरिलेट झालेलं असतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. लायसिस बफरमध्ये व्हॅनाडेट (फॉस्फेट उतरवणाऱ्या एंझाइमांना रोखणारं), तेही पीएच १० ला उकळून रंगहीन केलेलं. कंट्रोल म्हणून रात्रभर सीरम तोडलेली ए४३१, तिला मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम ईजीएफ पाच मिनिटं. आणि थिएटरमधून अर्ध्या तासानं आलेल्या गाठीत फॉस्फो मोजायच्या भानगडीत पडूच नका. रक्तपुरवठा तुटल्यावर फॉस्फेट मिनिटांत इकडचे तिकडे होतात. तुम्ही गाठ नाही, डॉक्टरांची घाई मोजाल.

स्लाइडकडे येते, कारण तुमच्या प्रबंधाचा जीव माझ्या मते तिथे आहे. आपल्या भागात तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री. गाठी गालाच्या आतून आणि जिभेच्या कडेनं येतात. स्क्वेमस गाठींपैकी बहुतेकींत ईजीएफआर वाढलेला असतोच, त्यामुळे 'आहे' एवढं दाखवून कुणी दाद देणार नाही. किती, कुठे, काठावर की गाभ्यात, बाजूच्या निरोगी अस्तराच्या तुलनेत कसा, हे वेस्टर्न सांगत नाही. वेस्टर्नमध्ये गाठ, रक्त, स्नायू, सगळ्याचं एकत्र वाटण होतं.

पण स्लाइडचं नशीब तुमच्या लॅबच्या बाहेर ठरतं, फॉर्मलिनच्या बरणीत. मी बरण्या बघितल्यात. चाळीस टक्क्यांच्या फॉर्मल्डिहाइडमध्ये बोअरचं पाणी ओतून 'दहा टक्के' केलेलं, बफर नाही, आणि त्यात लिंबाएवढी गाठ अख्खी बुडवलेली, शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत. फॉर्मलिन साधारण तासाला एक मिलिमीटर आत शिरतं. बाहेरून गाठ लाकडासारखी होते आणि मध्ये ती कुजत असते. तुमच्या अँटिबॉडीला मग कडेला एक उत्तर आणि मध्यात दुसरं मिळतं, आणि तुम्ही त्याला 'ट्यूमर हेटेरोजेनिटी' म्हणून पेपर लिहिता. सर्जनला भेटा, हात जोडा, पण बफर घातलेलं फॉर्मलिन स्वतः करून द्या. गाठ पाच मिलिमीटरच्या चकत्या करून टाका. एचईआर२ साठी ६ ते ७२ तासांची जी मर्यादा जगभर पाळतात तीच धरा, आणि काढल्यापासून तासाच्या आत बरणीत. बरणीवर तारखेबरोबर वेळही लिहायला सांगा. माझ्या अनुभवात वेळ लिहिणारी एक सिस्टर भेटली की अर्धा प्रकल्प वाचतो.

त्या खळ घातलेल्या घड्या सोडवण्याची रीत क्लोनप्रमाणे बदलते. ईजीएफआरच्या बाहेरच्या भागाच्या कित्येक अँटिबॉडींना नुसती उष्णता मानवत नाही, एंझाइम लागतं; सेटुक्सिमॅबसाठी निघालेल्या किटमधला २-१८सी९ हा क्लोन प्रोटिनेज-के मागतो. आतल्या भागाच्या क्लोनांना मात्र उष्णताच बरी. व्हायलसोबतच्या कागदावर जे दिलंय त्यानं सुरुवात करा, मनानं सिट्रेट बफर लावू नका. उष्णता द्यायची तर प्रेशर कुकरमध्ये. इथे मराठवाड्यात आपण समुद्रापासून पाच-सहाशे मीटर उंचीवर आहोत, उघड्या भांड्यात पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. ते दोन अंश गेल्यानं काही होत नाही असं पुस्तकी लोक म्हणतील. आमच्याकडे घरच्यासारखा साधा स्टीलचा कुकर आहे, तो आल्यापासून बॅच-बॅचमधला फरक कमी झाला.

प्रत्येक बॅचला एक स्लाइड प्लासेंटाची (वारेची) ठेवा. सिंसिशिओट्रोफोब्लास्ट, म्हणजे तिचा बाहेरचा थर, छान रंगतो आणि प्रसूतिगृहात प्लासेंटाला तोटा नाही. गाठीच्या बाजूला निरोगी म्युकोसा (तोंडाचं आतलं अस्तर) आला असेल तर तिचा तळाचा थर हाच तुमचा घरचा कंट्रोल: तिथे पेशींच्या कडा तपकिरी दिसायलाच हव्यात. त्या नाही रंगल्या तर गाठ 'निगेटिव्ह' लिहू नका, स्लाइड बाद करा. मोजायची ती पेशीची कड. केराटिनच्या मोत्यांमध्ये साचलेला रंग, मेलेल्या भागाच्या कडेची तपकिरी छटा, हे मोजायचं नाही. आणि आपल्या लोकांच्या गालात आतून मेलॅनिन असतं, डीएबीच्या, म्हणजे स्लाइडवरच्या तपकिरी, रंगाशी हुबेहूब. प्रायमरी न लावलेली शेजारची चकती बघितल्याशिवाय सही करू नका. कापून ठेवलेल्या चकत्यांचा जीव महिन्या-महिन्याला कमी होतो. पुढच्या वर्षासाठी आज कापून ठेवू नका, ब्लॉक ठेवा.

राहता राहिला साठा. मे महिन्यात व्हायल मागवूच नका. हे मी कुठल्याही विज्ञानापेक्षा जास्त खात्रीनं सांगते. मुंबईहून निघालेलं पार्सल शनिवारी दुपारी इथल्या गोदामात पोचतं, सोमवारी तुमच्या हाती, बाहेर ४२ अंश. आमचं एक पार्सल असंच आलं. मामांनी थर्माकोलचा डबा हातात घेतला आणि म्हणाले, "ह्यो तर गरम लागायलाय." आतले जेल पॅक पाणी झालेले. ती अँटिबॉडी चालली, पण अर्ध्या ताकदीनं. आणि ती अर्धी ताकद कळायला जुन्या लॉटचं लायसेट आणि जुनी फिल्म जपून ठेवली होती म्हणून कळली. ऑर्डर देताना पार्सल सोमवारी निघेल असं लिहून घ्या.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिझर नको, तो बर्फ वितळवायला दिवसातून कितीदा तरी स्वतःला गरम करतो. व्हायलमध्ये ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर ती उणे वीसला गोठतच नाही, तिचे भाग पाडायची गरज नाही. नसेल तर दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करा. सगळं मिळून एका थर्माकोलच्या डब्यात, भोवती गोठलेले जेल पॅक, आणि तो डबा फ्रिझरच्या आत. सहा तास लाईट गेली तरी आतलं हलत नाही. पाण्याचंही सांगून ठेवते. काचेचं डिस्टिलेशन युनिट एक लिटर पाणी देताना थंडाव्यासाठी कितीतरी लिटर नळाचं पाणी मोरीत सोडतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं, ते दिवस तुम्ही बघितले असतील. त्या वर्षी आमच्याकडेही मोरीत जाणारं पाणी ड्रममध्ये धरून परत फिरवायला लागलो, आणि ती सवय अजून आहे. ब्लॉट धुवायला पाण्याची कंजुषी मात्र करू नका. दहा-दहा मिनिटं तीनदा म्हणजे तीनदा.

तर क्रम असा धरा. या आठवड्यात त्या दोन पट्ट्या. जेल कूमासीत घालून १७० जेलमध्येच राहतोय का ते बघणं. मग ए४३१ आणि के५६२ चं लायसेट, आणि तुमच्या आताच्याच पॉलिक्लोनलला आणखी एक संधी. ए४३१ मध्ये तिनं १७० दाखवलं तर ती वाया गेलेली नाही, नुसती अशुद्ध आहे. सेकंडरी बदलून आणि डायल्युशन वाढवून ती वेस्टर्नपुरती चालूही शकेल, आणि मग उरलेले पैसे स्लाइडसाठीच्या चांगल्या क्लोनवर. नाही दाखवलं तर कंपनीला ब्लॉटचा फोटो, लॉट नंबर आणि ए४३१ ची लेन पाठवा. कंट्रोलची लेन नसलेल्या तक्रारीला उत्तर येत नाही, असलेल्या तक्रारीवर बदलून मिळाल्याचं मी दोनदा अनुभवलंय. व्हायलवरचं लेबल फ्रिझरमध्ये पुसलं जातं, लॉट नंबर आजच वहीत उतरवून घ्या.